शिकारणीचं हिमोग्लोबिन

"डाव्यातला घे. उजवो बंदुकीचो आसा."

लॅबच्या खुर्चीत बसल्या बसल्या ती हे वाक्य म्हणायची आणि डावी बाही कोपरापर्यंत सरकवायची. बावीस वर्षं मी जामसंड्यात लोकांचं रक्त काढते आहे. सुई बघून घेरी येणारे व्यायामशाळेतले पुढारी मी पाहिले आहेत, बायकोचा पदर धरून बसणारे निवृत्त फौजी पाहिले आहेत. दोन हातांची कामं वाटून घेऊन आलेली ही एकटीच.

ती शिकारीण होती. मिठबावच्या अलीकडच्या एका बंदरगावात राहायची. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथले लोक अजून माझ्याकडे साखर तपासायला येतात. वडिलांच्या नावावर शेतराखणीची बंदूक होती. ते गेल्यावर परवाना तिच्या नावावर झाला, आणि वडिलांचा खाकी शर्टही तिच्याच अंगावर आला. भातात किंवा आंब्याच्या कलमांत डुकरं शिरली की वनखात्याचा कागद निघायचा आणि मिशीवाले बागायतदार तिच्या दारात हजर व्हायचे. मिशी त्यांनी राखायची आणि डुक्कर तिने मारायचं, असं काम वाटलेलं होतं. याच मिशीवाल्यांच्या घरून तिला बघायला पाहुणे आले होते एकेकाळी. भिंतीवरची बंदूक पाहून ते अर्धा चहा तसाच ठेवून उठले. चाळिशी आली तोवर तिने चहा ठेवायचंही बंद केलं होतं.

एकदा लेप्टोच्या तापाने ती जाता जाता राहिली. तेव्हापासून डॉक्टरांनी तिला दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला लावलं. अशी ती माझ्या वाट्याला आली. हिमोग्लोबिन साडेतेरा. आमच्या तालुक्यात बाईच्या अंगात एवढं रक्त सापडलं की मी मशीन बिघडलं असं समजून पुन्हा तपासते.

बोलणं कमी. कशावरही तिचं एकच उत्तर असायचं, "माग बघूया आधी." माग म्हणजे जनावराच्या पावलांचा, त्याने मोडलेल्या काटक्यांचा शोध. रिपोर्टला उशीर होईल म्हटलं तरी "माग बघूया", आणि पाऊस लांबलाय म्हटलं तरी तेच.

तर अशा बाईकडे गावाने एक दिवस व्हॅम्पायर मारायचं काम दिलं.

गावात आधी बकऱ्या मेल्या. अंगावर जखम नाही, फक्त मानेला दोन टिंबं आणि आत रक्ताचा थेंब नाही. मग तीन खलाशी अशक्त झाले. त्यांचं रक्त माझ्याकडेच आलं. तिघांचं हिमोग्लोबिन दोन-दोन अंकांनी उतरलेलं, आणि तिघांचंही म्हणणं एकच, की इतकी शांत झोप लग्नानंतर पहिल्यांदा लागली. मेलं कोणी नव्हतं. पण गाव म्हटलं की सभा आलीच.

सभेत तीन पक्ष पडले. म्हातारे म्हणाले हडळ. मधले म्हणाले जखीण. सरपंचांचा पुतण्या गोव्यात हॉटेलचं शिकून आला होता. तो म्हणाला व्हॅम्पायर, आणि लसूण, क्रूस, लाकडी खुंटी अशी सामानाची यादीही, खाली 'ऊन लागलं की जळते' या टिपेसकट, त्याने ग्रुपवर टाकली. खुंटीऐवजी नारळ चालेल का, असं सरपंचांनी विचारलं. शेवटी देवळात गाऱ्हाणं घातलं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, आणि देवाने उजवा कौल दिला. म्हणजे सारं ठीक आहे. हे गावाला पटलं नाही. पुन्हा कौल लावला, तर देवाने पुन्हा उजवाच दिला. तेव्हा देवाला यातलं कळत नाही असं ठरलं आणि शिकारणीला बोलावणं गेलं.

"माग बघूया आधी," ती म्हणाली.

माग तिने तीन आठवडे काढला. तो खाडीच्या काठावरच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याशी जाऊन थांबला. जाड भिंती, एकही खिडकी नाही, आत भरदुपारी अंधार आणि गारवा. पुढचं तिने मला तुकड्यातुकड्याने सांगितलं, दर तीन महिन्यांनी थोडं, हात पुढे करून. मी सुई जरा हळू काढायला लागले ती तेव्हापासून.

पहिल्या तिन्हीसांजेला ती दारासमोर पंधरा हातांवर, करवंदीच्या जाळीआड बसली. सूर्य बुडाला तसं दार उघडलं. जुन्या वळणाचं लुगडं नेसलेली एक बाई बाहेर आली. उंच, गोरी म्हणण्यापेक्षा फिकी. पायाखाली भरतीचं पाणी होतं, त्यात दाराची चौकट दिसत होती, आकाश दिसत होतं, बाई दिसत नव्हती. ती सरळ जाळीपाशी आली आणि म्हणाली, "भायर कित्याक बसलंस गो? डास चावतले."

रक्त पिणारीने डासांची काळजी करावी याचं मला हसू आलं. शिकारीण हसली नाही.

"बंदूक भरलली होती, ताई. बोट घोड्यार होता," ती म्हणाली. "पण जा माका बघून पळणा नाय, तेका मारूचा कसा?"

ती आत गेली. बर्फाच्या रिकाम्या साच्यांवर दोघी समोरासमोर बसल्या. बर्फातली, म्हणजे ती दुसरी, हे नाव गावाने मागाहून पाडलेलं, ती आमच्या पणज्यांच्याही आधीचं बंदर सांगायची. मीठ आणि तांदूळ भरून गलबतं यायची तेव्हाचं. अशाच एका गलबतावरून उतरलेल्या पाहुण्याने तिला तसं करून ठेवलं आणि पुढच्या भरतीला तो निघून गेला. घाण टाकून निघून जायची पाहुण्यांची रीत आमच्या किनाऱ्यावर हॉटेलांच्याही आधीपासूनची आहे.

गावाला शिकारणीने सांगितलं, माग हुकला. लोकांनी विश्वास ठेवला. तिचा माग आजवर हुकला नव्हता, तरी ठेवला. लोकांना खरं तर सभा घ्यायची होती, ती होऊन गेली होती.

मग मी बदल बघायला लागले. पहिल्यांदा हिमोग्लोबिन बारा आलं, मग अकरा, मग साडेनऊ. डाव्या कोपराच्या आत दोन टिंबं होती. मी टोचलेली नव्हेत, कारण बावीस वर्षांत इतकं नेमकं मला कधी जमलेलं नाही. गावाने बकऱ्या आत बांधायला सुरुवात केल्यावर बर्फातली उपाशी राहिली होती. बसल्या जागी भिंतीला टेकून तिचे डोळे मिटायला लागले, तेव्हा शिकारणीने बाही सरकवली आणि म्हणाली, डाव्यातला घे, उजवो बंदुकीचो आसा.

हे ऐकून मला जरा वाईट वाटलं. ते वाक्य माझं होतं असं मी धरून चालले होते.

त्या चैत्रात ती केसांत सुरंगीचा वळेसर माळून लॅबमध्ये आली. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण शिकारीण फूल माळत नाही. डुकराला वास आधी येतो आणि माणूस नंतर दिसतो. वीस वर्षं जिने साबणसुद्धा वास बघून घेतला, ती सुरंगीने घमघमत माझ्यासमोर बसली होती. मी काही विचारलं नाही, तर स्वतःच म्हणाली, "आयुष्यभर मी जेची वाट बघीत बसलंय, ता माका बघून पळाला. ही एकटीच माझ्या बाजूक येवन बसली."

त्या वर्षी डुकरांनी गावाचं भात फस्त केलं. मिशा होत्या, पण डुकरं त्यांना घाबरली नाहीत.

रिपोर्ट साडेसहा आला तेव्हा मात्र माझी थट्टा संपली. इतक्या रक्तावर माणूस जिना चढताना पडतं. मी तिला बीट सांगितलं, नाचणी सांगितली, लोहाच्या गोळ्या हातात कोंबल्या, शिव्याही दिल्या. ती नुसती मान हलवत होती. ओठ पांढरे पडले होते आणि चेहऱ्यावर असं सुख होतं की मला माझ्याच शिव्यांची लाज वाटली.

त्याच आठवड्यात, श्रावणातल्या एका संध्याकाळी, मी लॅब बंद करत होते. वीज गेलेली. उंबऱ्याबाहेर कोणीतरी उभं होतं.

"येव काय?" बाईचा आवाज.

माझ्याकडचे पेशंट चपला घालून, फोनवर बोलत, थेट फ्रिजपर्यंत येतात. परवानगी मागणारी पहिलीच. ये म्हटल्याशिवाय तिने पाऊल आत टाकलं नाही. कोण आहे ते मला लुगड्यावरून कळलं. मी भिंतीला टेकले आणि सुयांच्या डब्यावर हात ठेवला, जणू तिला सुईची भीती वाटणार होती. ती नळ्यांच्या स्टँडजवळून गेली ती मधुमेहाचा पेशंट मिठाईच्या दुकानासमोरून जातो तशी, मान दुसरीकडे वळवून. एका नळीपाशी मात्र थबकून म्हणाली, ह्या माणसाला कावीळ आहे. खरं होतं. मला ते कळायला मशीन आणि अर्धा तास लागला होता.

मग तिने विचारलं, "तिचा रक्त किती उरला?"

मी सांगितलं. साडेसहाचा अर्थही सांगितला. ती खुर्चीवर बसली, त्याच खुर्चीवर.

"मी नको म्हणतंय. ती हात फुडे करता," ती म्हणाली, "आणि माका रवाक जमणा नाय. तू सांग तिका, बाय. माझा मरान एकदा होवन गेला. तिचा बघूचा बळ माझ्यात नाय."

बावीस वर्षांत किती नवरे मी बाहेर स्कूटर चालू ठेवून ताटकळताना पाहिले. किती वेळ लागेल हे सगळ्यांनी विचारलं. आकडा कोणी विचारला नाही.

सुयांच्या डब्यावरचा माझा हात कधी निघाला ते मला कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मी बाजारातल्या खाटकाकडे गेले आणि लॅबसाठी हवं म्हणून बकऱ्याचं ताजं रक्त मागितलं. गोठू नये म्हणून आमच्या नळ्यांत असतं ते औषध त्यात घातलं आणि स्टीलचा डबा शिकारणीच्या हाती दिला. खाटकाने चौकशी केली नाही. सरकारी काम असेल असं त्याला वाटलं, आणि सरकार रक्त पितं यात त्याला नवल वाटलं नसावं. बर्फातलीला ते आवडलं नाही, अळणी लागतं म्हणाली, पण प्यायली. कार्तिकात हिमोग्लोबिन साडेनऊ झालं, शिमग्याला अकरा. दोघींचा संसार मार्गी लावल्यासारखी मी ऐटीत होते.

तेवढ्यात विकास आला. बर्फाच्या कारखान्याच्या जागेवर समुद्र दिसणाऱ्या खोल्यांचं रिसॉर्ट होणार असं ठरलं. सरपंचांच्या पुतण्याने ग्रुपवर चित्र टाकलं, त्यात आमच्या खाडीचं पाणी निळं दाखवलं होतं. सोमवारी सकाळी दहाला जेसीबी लावायचा. भिंत पडली की ऊन आत येणार, आणि ऊन आत आलं की काय होणार ते पुतण्याच्या यादीतच लिहिलेलं होतं.

रविवारी शिकारणीचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "उद्या ये, ताई."

मी पहिली एसटी पकडण्याआधी बंदरावरच्या एका चाचांना फोन केला. मासळीचे मोठे व्यापारी, माझे साखरेचे जुने पेशंट. त्यांच्याकडे मासे गोव्याला नेणारी बंद पेटीची गाडी होती, आत चोवीस तास गार आणि अंधार. मी सगळं खरं सांगितलं. चाचांनी फक्त विचारलं, तिला बर्फ किती लागेल.

मी पोचले तेव्हा शिकारीण कारखान्याच्या पायरीवर बसली होती. मांडीवर बंदूक आडवी. समोर अर्धं गाव, जेसीबी आणि सरपंच. सरपंच समजावत होते की गावाच्या भल्याचा प्रश्न आहे, तू आपली माणूस, बाजूला हो.

ती म्हणाली, "आत माझा माणूस आसा. पयली माका काढा."

काही क्षण कोणाला अर्थ लागला नाही. मग एकदम लागला. आत रक्त पिणारी आहे ही कुजबुज गावाने दोन वर्षं चालवून घेतली होती. दोघी बायका आहेत हे पाच मिनिटंसुद्धा चालेना. बायकांनी पदर तोंडाला लावले, एकाने थुंकून दाखवलं, आणि ज्यांच्या कलमांतली डुकरं तिने मारली होती त्यांचे आवाज सगळ्यांत मोठे निघाले. तिने कोणाकडे पाहिलं नाही. बंदूकही उचलली नाही.

जेसीबीचा ड्रायव्हर बाहेरगावचा होता. बंदूक बघून त्याने इंजिन बंद केलं आणि तो खाली उतरला. तेव्हा पुतण्या वर चढला. त्याने गाडी फिरवून मागच्या बाजूला नेली आणि भिंतीला धडक दिली. एक कोपरा कोसळला.

आतून किंकाळी आली.

हडळीची किंकाळी कशी असते याची गावात बरीच वर्णनं होती. ही तशी नव्हती. भाजलेल्या बाईची होती, चुलीवरून हात भाजलेली कोणतीही बाई ओरडते तशी. तोंडावरचे पदर खाली आले. सरपंच जमिनीकडे बघायला लागले. शिकारीण आत धावली, तिच्यामागे मी.

कोपऱ्यातून उन्हाचा एक पट्टा आत आला होता. बर्फातली भिंतीशी अंग चोरून बसली होती आणि तिचा डावा हात मनगटापासून कोळशासारखा झाला होता. शिकारणीने अंगातला खाकी शर्ट काढून तिच्यावर टाकला, वर स्वतः पडली, आणि पाठीवर ऊन घेत तशीच राहिली. तिच्या कानात काहीतरी सांगत होती. मला ऐकू येत होतं, पण ते तुम्हाला सांगणार नाही.

तोवर चाचा पोचले आणि त्यांनी गाडी दाराला उलटी लावली. दोघी घोंगडीखालून, एकमेकींना धरून, माशांच्या पेट्यांमध्ये जाऊन बसल्या. दार लावण्याआधी शिकारीण एकदा खाली उतरली. पायरीवरची बंदूक उचलून तिने सरपंचांच्या हातात दिली.

"ही तुमची. डुकरां आता तुमी मारा," ती म्हणाली.

सरपंचांनी ती बंदूक तान्ह्या मुलासारखी दोन्ही हातांवर धरली. कुठे ठेवावी हे त्यांना बराच वेळ सुचलं नाही. शेवटी ती ठाण्यात जमा झाली.

रिसॉर्ट झालं. पाणी निळं नाही, डास पुष्कळ आहेत. संध्याकाळी डुकरं थेट हॉटेलच्या हिरवळीवर येतात आणि पाहुणे त्यांचे फोटो काढतात. गावाने दोनदा ठराव करून शिकारणीचा पत्ता विचारायला माणूस माझ्याकडे पाठवला. पेशंटची माहिती देता येत नाही असं मी त्याला शुद्ध मराठीत सांगितलं.

त्या आंबोलीला आहेत. विचार करा, दुसरी जागा कुठली असणार? चार महिने सूर्य नाही. धुक्यात दुपारी दोनला गाड्यांचे दिवे लागलेले असतात. पुढच्या श्रावणात मी बसने गेले. घाटाच्या वर, रस्त्याकडेला, चहा-भज्यांची एक टपरी. शिकारीण कढईपाशी. बर्फातली उजव्या हाताने कप भरत होती, डावा पदराखाली. भरदिवसा, माणसांत, छत्री घेऊन उभी. चटणीत लसूण का नाही म्हणून कोल्हापूरचा एक पाहुणा हुज्जत घालत होता. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा तो लसणीशिवायची चटणी चवीने खायला लागला. मी पिशवीतून सामान काढलं आणि तिथेच बाकावर शिकारणीचं रक्त घेतलं. बारा निघालं. तिथला खाटीकही चौकशी करणारा नव्हता.

उघडीप सुरू झाली की टपरी बंद असते, तेव्हा येऊ नको, असं त्यांनी मला बजावलं होतं. पण गेल्या डिसेंबरात बेळगावला एका लग्नाला जाताना बस आंबोलीत थांबली, आणि मला राहवलं नाही. स्वच्छ सकाळ होती. टपरीमागे त्यांचं घर आहे, खिडक्यांना बाहेरून पत्रे मारलेले. मी कोपऱ्यावरून वळले आणि थांबले.

शिकारीण पायरीवर बसली होती. पाठ बंद दाराला टेकलेली, पाय उन्हात सोडलेले. आजूबाजूला कोणी नाही आणि ती सावकाश, एकसारखी बोलत होती. मला वाटलं, एकटं राहून हिच्या डोक्यावर परिणाम झाला. मग शब्द ऐकू आले. समोरच्या दरीतून धुकं कसं वर येतंय, फणसावर धनेशाची जोडी येऊन बसली आहे, नर आधी उडाला, मादी अजून चोच पुसते आहे, शेजारणीने हळदीचं लुगडं वाळत घातलंय त्याला कोवळं ऊन कसं लागलंय.

एवढं सांगून ती दम घ्यायला थांबली.

"मगे?" दाराच्या आतून आवाज आला.

बसचा हॉर्न वाजला. मी हाक न मारता परत फिरले.